सरांच्या घरात कॉपी चालत नसे

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या माझ्या घरमालकांनी जगातल्या माणसांचे दोनच प्रकार पाडले होते. पीआयओ आणि डीएमए. जात, गाव, पक्ष यातलं काही ते विचारत नसत, पण नवा माणूस भेटला की चहा संपायच्या आत त्याला या दोन खणांपैकी एकात टाकून मोकळे होत. आमच्या कॉलेजचे प्राचार्य पीआयओ. पोस्टमास्तर पीआयओ. कोपऱ्यावरची भाजीवाली मात्र डीएमए. मी राहायला गेले त्या दिवशी माझं सामान टेम्पोतून उतरत होतं. मी एकेक पिशवी स्वतः उचलून जिन्याने वर नेत होते आणि पैसे दिलेला हमाल खाली विडी ओढत बसला होता. घरमालक, म्हणजे सर, ओट्यावरून हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही पक्क्या पीआयओ." पहिल्याच दिवशी हे काय वाईट बोलले, म्हणून मी रात्रभर धुमसत होते.

सर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, यांनी कॉम्प्युटर घेतला. त्या काळी कॉम्प्युटर असायचा तो कारखान्यात, बँकेत, नाहीतर एखाद्या क्लासच्या काचेच्या खोलीत. घराच्या पुढच्या खोलीत, देवाच्या फोटोखाली, पांढऱ्या दोसुती कापडाचं झाकण घातलेला कॉम्प्युटर मी तिथेच पहिल्यांदा पाहिला. खोलीत चपला घालून जायचं नाही, हे ओघानं आलंच.

पीआयओचा उलगडा त्यांनी मला लग्नाच्या पंगतीवरून केला. "हार्ड डिस्क म्हणजे कोठीघर. सगळे लाडू तिथं. मेमरी म्हणजे पंगत बसलीय ती जागा. आणि प्रोसेसर म्हणजे मुलीचा बाप. आता हा बाप एकेक लाडू स्वतः कोठीतून आणून पत्रावळीवर वाढायला लागला, तर पंगत जेवेल का?"

"जेवेल की."

"जेवेल. पण बापाला दुसरं काही सुचणार नाही. व्याही दारात आला तरी नमस्काराला हात मोकळा नाही. हा पीआयओ मोड. शहाणा बाप वाढप्यांना सांगतो, कोठीतून थेट पंगतीत न्या, संपलं की मला येऊन सांगा. आणि स्वतः व्याह्याशेजारी जाऊन बसतो. हा डीएमए. आता नव्या डिस्कमध्ये अल्ट्रा डीएमए आलाय. त्यात वाढपी पळतात."

मी भूगोलाची प्राध्यापिका. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे कळलं. त्यानंतर कुठल्याही लग्नात मी आधी मुलीच्या बापाकडे बघते.

सरांची दुसरी खोड म्हणजे फूटपट्टी. शाळेतली लाकडी, जाडजूड, एका कडेला पितळी पट्टी बसवलेली. तिचं एक टोक ते कॉम्प्युटरच्या डब्यावर टेकवत, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून डिस्क ऐकत. ज्या पट्टीनं गावातल्या दोन पिढ्यांचे तळहात लाल झाले, तिच्यातून ते आता मशीनची नाडी बघत होते. आवाज कसा हवा, हे त्यांचं ठरलेलं होतं. लांबवर पिठाची गिरणी चालू आहे असा वाटला तर उत्तम. मध्येच टिक झालं की त्यांची भुवई वर जाई आणि त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

यापेक्षा खात्रीचा इलाजही त्यांच्याकडे होता. नव्या डिस्कला आपली तब्येत आपणच टिपून ठेवायची सोय असे. आतल्या किती जागा खराब झाल्या, फिरायला सुरुवात करताना किती दमछाक झाली, हे सगळं ती मनाशी ठेवी आणि मशीन सुरू होताना विचारलं की एका ओळीत सांगे. त्या सोयीचं नाव स्मार्ट. सर रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून मशीन सुरू करत आणि ती ओळ मोठ्यानं वाचत. "स्मार्ट, ओके." मग चहा घेत.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मूळच्या तिसगावच्या. शिवणकाम करायच्या, बोलायच्या कमी, पण बोलल्या की नेमकं लागायचं. एकदा मला म्हणाल्या, "रोज सकाळी त्या डब्याला इचारत्यात, स्मार्ट हायस का म्हणून. लग्नाला इतकी वर्सं झाली, मला कंदी इचारलं न्हाई."

सरांनी आतून ऐकलं. "तू ओके आहेस हे मला न विचारता कळतं," म्हणाले.

"कळतं म्हणं," काकू म्हणाल्या आणि शिलाई मशीनचं पायडल मारायला लागल्या.

आता सरांच्या सगळ्यात मोठ्या वेडाबद्दल. त्यांच्या घरात कॉपी चालत नसे.

हा शब्द बाहेरच्या माणसाला समजणार नाही. आमच्याकडे कॉपी म्हणजे नक्कल नव्हे. कॉपी म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षेला खिडकीतून आत येणारी चिठ्ठी, मोज्यात लपवलेलं गाइडाचं पान, शाळेच्या भिंतीवर चढलेले मामा आणि काका. सर नोकरीभर याच्याविरुद्ध लढले. ते ज्या वर्गावर पर्यवेक्षक असत त्या वर्गाच्या बाहेर पालक कपाळाला हात लावून बसत. निवृत्त झाल्यावर लढाई संपायला हवी होती, पण कॉम्प्युटर आला आणि त्याच्या पडद्यावर पहिल्याच दिवशी त्यांना तो शब्द दिसला. कॉपी.

तिथून पुढे त्यांनी त्या शब्दाशी उभा दावा मांडला. फाइल एका जागेहून दुसरीकडे हलवायला त्यांची ना नव्हती. ती बदली झाली, सरकारी नोकरीत होतेच. पण एकच मजकूर दोन ठिकाणी ठेवायचा, ही गोष्ट त्यांच्या पोटात मावत नसे. फ्लॉप्यांच्या डब्याला त्यांनी कुलूप घातलं होतं. "फ्लॉपी म्हणजे चिठ्ठीच. बाहीत लपवता येते," म्हणत. मी एकदा धीर करून म्हटलं की सर, जगभर लोक कॉपी करून ठेवतात, डिस्क गेली तर काय? तर म्हणाले, "ज्याचा अभ्यास झालेला नाही तो कॉपी करतो. आपण डिस्कची तब्येत रोज बघतो. आपला अभ्यास झालेला आहे."

मशीन त्यांचं, वीज त्यांची, भाडं ते नावापुरतं घेत. आणि माझं सगळं घोडं त्याच मशीनवर अडलेलं होतं. कॉलेजातली माझी नेमणूक कायम व्हायची तर दिवाळीच्या सुटीआधी माझा एम.फिल.चा प्रबंध विद्यापीठात पोहोचायला हवा होता. नाहीतर नोकरी जाणार, हे प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. कर्जत आणि जामखेड भागातले आठवडे बाजार हा माझा विषय. प्रबंधाचा पहिला खर्डा पुण्याला मार्गदर्शकांकडे होता, पण त्यांनी त्यावर इतक्या लाल रेघा मारल्या की मी सगळी प्रकरणं नव्यानं लिहिली. तीही थेट सरांच्या मशीनवर. कागदावर त्यातलं काहीच नव्हतं. छापून काढीन म्हटलं तर सरांच्या प्रिंटरची रिबीन वाळली होती, आणि छपाई शेवटी एकदाच नगरला जाऊन करायची असं ठरलं होतं.

सरांच्या या बाण्याची किंमत घरानं आधीच मोजली होती. ते मला शेजारच्या अण्णांनी सांगितलं. अण्णांचा ट्रॅक्टर होता आणि सरांच्या हातचा मार त्यांनीही खाल्ला होता. काकूंच्या धाकट्या भावाचा मुलगा दहावीला शिकायला सरांकडे राहिला होता. ऐन परीक्षेत एक पर्यवेक्षक आजारी पडले आणि सरांना त्यांच्या जागी नेमकं त्याच वर्गात पाठवलं. "भूमितीचा पेपर हुता," अण्णा म्हणाले. "पोराच्या मोज्यात चिठ्ठी घावली. दुसरा असता तर चिठ्ठी फाडून टाकली असती, एक कानपटात दिली असती. सरांनी पोराला हाताला धरून आफिसात नेलं. पोराचं वरीस गेलं. पुन्ना काय तो परीक्षेला बसला न्हाई."

काकूंचा भाऊ तिसगावहून आला, मुलाची पेटी उचलली, पाणीसुद्धा न घेता गेला. पुन्हा तो त्या घरात आला नाही. मी तिथे काढलेल्या पहिल्या दिवाळीत भाऊबिजेच्या संध्याकाळी काकू अंगणात निरांजन घेऊन उभ्या दिसल्या. चंद्राला ओवाळत होत्या. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मी विचारलं तर म्हणाल्या, "हाय की भाऊ. लांब हाय." तिसगाव काही लांब नाही. सर त्या वेळी आत बसून पट्टीनं डिस्क ऐकत होते. मला त्यांचा तेव्हा फार राग आला, आणि त्यांच्याच मशीनवर बसून मी प्रबंध लिहिते आहे याची लाजही वाटली.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी एका सकाळी आतून "ओके" ऐकू आलं नाही. मी खाली गेले. सर खुर्चीत गंध लावलेले, ओल्या केसांनी तसेच बसले होते. पडद्यावर ओळ होती, स्मार्ट स्टेटस बॅड. पुढे मशीननंच सल्ला दिला होता की कॉपी काढून ठेवा आणि डिस्क बदला.

"बघा सर, तोच सांगतोय," मी म्हटलं.

"सांगू दे. पोरंसुद्धा सांगायची, सर, एकदा बघू द्या." सरांनी पट्टी लावली, बराच वेळ ऐकलं. मग मशीनच्या निळ्या पडद्यावर जाऊन डिस्कचा वेग उतरवला. अल्ट्रा डीएमएवरून थेट पीआयओवर. "म्हातारं माणूस आहे. त्याला आता पळवायचं नाही. हात धरून चालवायचं."

त्यांचा बेत असा होता. पुण्याहून नवी डिस्क मागवायची. ती आली की मजकूर या डिस्कवरून त्या डिस्कवर हलवायचा. हलवायचा, कॉपी नाही. आणि तोवर मशीन बंद करायचं नाही, कारण थकलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेल याचा भरवसा नसतो. हे त्यांचं म्हणणं खरं होतं, एवढं मला नंतर जाणकारांनी सांगितलं.

पण कर्जतला मशीन बंद करायचं नाही म्हणजे काय? लाईट दिवसातून दोनतीनदा जायची. सरांनी इन्व्हर्टर जोडला आणि अण्णांच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली. पुढचे सगळे दिवस ती बॅटरी दोसुती झाकणाच्या शेजारी फरशीवर बसून होती. अण्णा एक दिवसाआड येऊन दारात उभे राहत.

"सर, बॅटरी कवा द्याल? ट्रॅक्टर उतारावर लावावा लागतोय. ढकलल्याबिगर सुरूच होईना."

"तुझा ट्रॅक्टर ढकलून सुरू होतो ना? माझी डिस्क ढकलून सुरू होत नाही."

अण्णा डोकं खाजवत निघून जात. मी मात्र त्या दिवसांत जीव मुठीत धरून टाइप करत होते. पीआयओमुळे मशीन इतकं मंद झालं होतं की मजकूर साठवायला सांगितला की मुलीचा बाप कोठीकडे निघे आणि माझी अक्षरं पडद्यावर यायची थांबत. शेवटचं प्रकरण त्यातच पूर्ण झालं. आता फक्त डिस्क यायची होती. सरांच्या पुण्यातल्या एका विद्यार्थ्यानं एसटीच्या ड्रायव्हरजवळ पार्सल दिल्याचा फोन आला, आणि खंडेनवमीच्या सकाळी सर ते घ्यायला स्टँडवर गेले.

मी वर पायऱ्यांवर केस वाळवत होते. खालून उदबत्तीचा वास आला. सर पार्सल छातीशी धरून आले तेव्हा मीही मागोमाग खोलीत शिरले. काकूंनी पुढची खोली सारवावी तशी पुसून काढली होती. पाटावर विळी, कोयता, कात्री, सरांची फूटपट्टी. शिलाई मशीनला झेंडूचा हार. कॉम्प्युटरलाही हार, डब्यावर हळदकुंकवाची बोटं. आणि पडदा काळा.

"कोणी बंद केला?" सरांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"मी. आज खंडेनवमी हाय. आज हत्याराला इसावा द्यायचा असतो. किती दिस झालं राबतंय ते." काकूंनी नीट, पडद्यावरच्या बटणानं, सरांनीच शिकवलं होतं तसं बंद केलं होतं. पत्त्यांचा खेळ खेळता यावा म्हणून त्यांनी काकूंना माऊस धरायला शिकवला होता.

सरांनी हार बाजूला केला, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. पाटावरची पट्टी उचलून त्यांनी कानाला लावली. आम्ही दोघी बघत होतो. त्यांनी बंद करून पुन्हा सुरू केलं. मग डिस्क काढून हातात घेतली, तळव्यात ऊब दिली, मनगट फिरवून हलवली, पुन्हा जोडली. पट्टी लावली. शेवटी पट्टी मांडीवर ठेवून म्हणाले, "फिरत नाही."

मी फरशीवरच बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. नोकरी गेली, वर्ष गेलं, घरी काय सांगू, हे सगळं एकदम डोक्यात आलं. सर माझ्याकडे बघत नव्हते.

काकू उठल्या. शिलाई मशीनचा खण ओढला, बॉबिनींच्या खालून पदराच्या तुकड्यात बांधलेल्या फ्लॉप्या काढल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. "रडू नका मॅडम. समदं हाय यात. काल सांजच्यालाबी केली मी."

"काय केली?" सरांनी विचारलं.

"कॉपी."

सरांनी मांडीवरची पट्टी खाली ठेवली.

"कधीपासून?"

"मॅडम लिहाया बसल्या तवापासून. तुमी सांजच्याला बाहीर गेलं की. फ्लॉपीच्या डब्याची किल्ली देवामागंच असती." काकू उभ्याच होत्या. "म्हनून तर बंद करताना भ्या वाटलं न्हाई."

"मला सांगितलं का नाहीस?"

काकूंनी पदर खांद्यावर घेतला. मग म्हणाल्या, "सांगून काय केलं असतं तुमी? माझ्या भावाच्या पोराला हाताला धरून नेलं तवा मी गप बसले. येक पोरगं गेलं. आता ही दुसऱ्याची लेक. हिचंबी वरीस जाऊ द्यायचं का तुमच्या कायद्यापायी?"

त्या ओरडल्या नाहीत. भाकरी झाली, जेवायला या, म्हणाव्यात तशा म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या.

सरांनी नवी डिस्क जोडली. फ्लॉप्या एकेक करून घातल्या. प्रत्येक प्रकरण उघडून, शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन, मला दाखवून मग पुढचं घेतलं. एकही ओळ कमी नव्हती. काकूंनी फ्लॉप्यांवर शाईनं काही लिहिलं नव्हतं, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचा दोरा चिकटवला होता, आणि कुठला रंग कुठल्या प्रकरणाचा हे त्यांना आतून, पोळपाटावरून मान न वळवता सांगता येत होतं. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी नगरला जाऊन छापून, बांधून प्रबंध पुण्याला दिला. अण्णांना त्यांची बॅटरी मिळाली.

माझं काम झालं, पण घरात काहीतरी राहिलं होतं. सर सकाळी मशीन सुरू करत, ओळ वाचत, मात्र मनातल्या मनात. काकू नेहमीसारख्या वागत. दोघांत भांडण नव्हतं, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. दिवाळीला मी माहेरी जाणार होते, पण ताप आला म्हणून राहिले.

भाऊबिजेच्या दिवशी सर सकाळीच धोतर नेसून, कोट घालून बाहेर पडले. कुठे ते सांगितलं नाही. संध्याकाळी उन्हं उतरताना ओट्यावर दोन माणसांच्या चपलांचा आवाज आला. सरांच्या मागे एक रापलेला, टोपीवाला माणूस हातात पिशवी घेऊन उभा होता. उंबऱ्याच्या बाहेरच थांबला होता. काकू निरांजन घेऊन अंगणात जायला निघाल्या होत्या. त्यांनी त्याला बघितलं आणि ताट माझ्या हातात देऊन त्या उंबऱ्याशी गेल्या.

"ये ना," काकू म्हणाल्या. "बाहीर का?"

तो आत आला. मी माजघरात पाट टाकला. काकूंनी ओवाळलं. त्यानं पिशवीतून साडी काढून ताटात ठेवली आणि बहिणीच्या पाया पडायला वाकला तो बराच वेळ उठला नाही. सर पुढच्या खोलीतच थांबले होते. कॉम्प्युटर बंद होता, तरी ते त्याच्यापुढच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी पाणी घेऊन गेले.

"काय म्हणालात सर त्यांना?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणालो, बहीण वाट बघते, चला."

"एवढंच?"

सरांनी पाणी घेतलं. माजघरात काकू भावाला पोराचं विचारत होत्या, लग्न ठरलं का, कुठे कामाला आहे. सर ते ऐकत होते.

"एवढंच," ते म्हणाले. "पण तिसगावच्या एसटीत बसायला मला इतकी वर्षं लागली."